डीजे म्हणजे बटण दाबणारा? मग हे वाचा

मिक्सर_राजारामपुरी

काल उद्यमनगरच्या साउंडवाल्या भाऊंनी इथं लिहिलं: "डीजे हे करिअर नव्हे. सिंकचं बटण दाबलं की गाणी आपोआप जुळतात. कोर्सला पैसे घालण्यापेक्षा पोरांनी हप्त्यावर गाडी, चार बेस (जाड आवाजाचे स्पीकर) आणि दोन टॉप (बारीक आवाजाचे) घ्यावेत, दोन सीझनमध्ये फिटतात." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. म्हणून जरा सविस्तर.

सिंक काय करतं? सॉफ्टवेअरनं काढलेल्या बीटग्रिडवरून (गाण्यातला प्रत्येक ठोका कुठं पडतो त्याच्या खुणा) दोन गाण्यांचा वेग आणि ठोके जुळवतं. ग्रिड चुकला की सिंक इमानेइतबारे चुकीच्या जागी नेऊन बसवतं. आपल्याकडं घोडं तिथंच पेंड खातं. जुन्या लावण्या, कोळीगीतं, गोंधळ ही माणसांनी ढोलकी-संबळ वाजवून रेकॉर्ड केलेली. मुखड्याला मिनिटाला १०४ ठोके असलेला वेग शेवटच्या कडव्यात १०८-१०९ वर जातो. असं गाणं रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलवर (वेग एकच धरून) अ‍ॅनालाइझ केलं तर पहिलं मिनिट गोड, तिसऱ्या मिनिटाला दोन ढोलक्या भांडतात. ते डायनॅमिकवर (बदलत्या वेगावर) घ्यायचं, पहिली सम हातानं धरायची, मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात जाऊन ग्रिड टिकलाय का बघायचं. सहा मात्रांच्या ठेक्याला तर सॉफ्टवेअर बऱ्याचदा दीडपट वेग दाखवतं. ९६ च्या जागी १४४. तेवढ्यावर सिंक दाबा आणि मांडवातल्या बायकांचे चेहरे बघा.

पिच फेडर (वेग कमी-जास्त करायची पट्टी) अधिक-उणे ८ टक्क्यांवर असला तर १०० चं गाणं ९२ ते १०८ एवढंच हलतं. हळदीचं ९६ चं गाणं चालू आहे आणि पोरांना १२८ चं पाहिजे. ओढून न्यायचं तर ३३ टक्के वाढवावं लागतं. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) लावलं तर गाणाऱ्याचा आवाज फाटतो, काढलं तर चिमणी होते. मग शेवटच्या ओळीला एको टाकून बाहेर पडायचं, मध्ये चार बार हलगीचा लूप आणि त्याच्या शेवटच्या ठोक्यावर नवीन गाणं. यासाठी प्रत्येक गाण्याला क्यू (गाण्यातल्या जागांच्या खुणा) आधी मारलेले लागतात: गाणं कुठं सुरू होतं, मुखडा कुठं, गाणारा कुठं थांबतो, बाहेर कुठून पडायचं. कोर्सवाले एवढं शिकवत नाहीत हे मात्र भाऊंचं खरं आहे.

आता गाडीचा हिशेब. हप्ता बारा महिने. लग्नं तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत, त्यात पौष कोरडा. २०२६ ला तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन सुट्टीतले मुहूर्त गेले. चातुर्मासात गणपती आणि नवरात्र सोडलं तर गाडी शेडमध्ये आणि हप्ता दारात. मिक्सिंग येणाऱ्याला त्या महिन्यांत हॉटेल, कॉलेजचं गॅदरिंग, डान्स क्लासच्या पोरांचे ट्रॅक कापून देणं, काहीतरी असतं. चार बेस घेऊन कोण हॉटेलात बोलावतंय?

साउंडवाला उद्यमनगर

भावा, एवढं लिहिलंस, खरं मिरवणुकीत महाद्वार रोडला मिक्सिंग कोण ऐकतंय? तिथं छातीत बेस बसला पायजे, विषय संपला.

आन तुमच्या कलेचं बिल आम्ही भरतोय. डीजेच्या कन्सोलवर चॅनेल (एका गाण्याचा आवाज) लाल, मास्टर (सगळ्याचा एकूण आवाज) लाल, वर माइकवर बोंबलायचं "साउंड वाढवा". मग टॉपचा डायफ्राम (पडदा) जातोय, नायतर बेसची कॉइल जळून वास सुटतोय. दुसऱ्या दिवशी डीजे फोन उचलत न्हाई. आधी लाल दिवा म्हणजे काय ते शिका, मग करिअरच्या गप्पा हाणा.

गंगावेशकर

दोघांचंही कौतुक नंतर. २००० च्या ध्वनी नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत. रात्र दहाला सुरू होते. दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं, तेही शांतता क्षेत्र सोडून. आमच्या गल्लीत दोन्हीकडं जुनी घरं, रस्ता चिंचोळा. बेस एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो आणि कपाटातली भांडी वाजतात. हे करिअर असेल तर चोरीसुद्धा करिअरच.

मिक्सर_राजारामपुरी

गंगावेशकर काका, गल्लीतल्या भिंतीचं मान्य. त्याचा सगळ्यात जास्त फटका कन्सोलमागं उभ्या असलेल्यालाच बसतो. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरली तर पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला १५ मिनिटं. फिल्टरवाले इअरप्लग न घालता धंदा करणारा पोरगा पस्तिशीत "काय म्हणालास?" विचारत बसतो.

साउंडवाले भाऊ, लाल दिव्याचं निम्मंच सांगितलंत. मास्टर लाल गेला की लाटेचं डोकं कापलं जातं आणि ती चौकोनी होत जाते. उंची तेवढीच ठेवली तरी पूर्ण चौकोनी लाटेची पॉवर साध्या लाटेच्या दुप्पट. म्हणजे ५०० वॅटचा अ‍ॅम्प पार क्लिपमध्ये गेला, म्हणजे लाट कापायला लागला की हजाराच्या आसपास सोडतो, आणि कापल्यामुळं वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होऊन सरळ टॉपवर जातात. डायफ्राम त्यानं जातो. पण डीजे लाल का करतो? तुम्ही अ‍ॅम्पची नॉब मागं ठेवता, त्याला समोर आवाज पोचत नाही, तो ढकलतो. आणि लाट एकदा कन्सोलमध्ये कापली गेली की पुढं कितीही कमी करा, कापलेलीच राहते.

उपाय पाच मिनिटांचा आहे. सगळ्यात दणकट गाणं लावून चॅनेल हिरव्याच्या वरच्या टोकाला, मास्टर त्याच पातळीला, मग अ‍ॅम्प हवा तेवढा उघडा आणि प्रोसेसरमध्ये लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) बांधा. जुन्या गाण्याचा आवाज कमी येतो तो ट्रिमनं (त्या चॅनेलच्या नॉबनं) भरायचा, मास्टरनं नाही. यूट्यूबवरून ओढलेलं गाणं ३२० केबीपीएसला (फाइलच्या क्वालिटीचा आकडा) बदलून घेतलं म्हणून सुधारत नाही, हे पण पोरांनी लक्षात ठेवा.

लाइनमन फुलेवाडी

लाल दिव्यावर एवढी मारामारी, आणि दरवर्षी कन्सोल जळतात ते न्यूट्रलमुळं, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरमुळं. त्यावर कोण बोलत नाही.

जनरेटर थ्री-फेज. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते फेज ४०० च्या आसपास. न्यूट्रलचा नट सैल झाला किंवा वायर तुटली की वेगवेगळ्या फेजवरचे लोड एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात. ज्या फेजवर अ‍ॅम्पचा जड लोड तिथं व्होल्टेज पडतं, जिथं हलका लोड तिथं चढतं. सगळ्यात हलका लोड कुणाचा? डीजेच्या टेबलाचा. अ‍ॅम्प नुसते बंद पडतात, आणि कन्सोलचा सप्लाय, लॅपटॉपचा चार्जर, एलईडी वॉलचा कंट्रोलर धूर काढतात. मग सगळे म्हणतात डीजेचं सामान हलकं होतं.

साउंडवाला उद्यमनगर

जनरेटरवाला वेगळा, आम्ही वेगळे. त्याच्या नटाचा आम्हाला काय संबंध? आणि न्यूट्रलला लोड कुठं असतोय, तिन्ही फेज सारख्या केल्या की तो रिकामाच की.

लाइनमन फुलेवाडी

हीटर लावले असते तर रिकामा राहिला असता. आताचे अ‍ॅम्प आणि एलईडी लाइट एसएमपीएसवर (स्विचिंग पॉवर सप्लायवर) चालतात, त्यांचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट) तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये एकत्र येतो, एकमेकाला मारत नाही. म्हणून न्यूट्रल फेजएवढ्या जाडीचा पाहिजेच, जास्त असला तर उत्तम. तुम्ही लोक तिथं घरातली उरलेली वायर लावता.

टेबल जोडायच्या आधी मल्टिमीटरनं तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा. मग लाइट आणि अ‍ॅम्प चालू करून पुन्हा मोजा. एक फेज १९० ला आली आणि दुसरी २६० ला गेली तर न्यूट्रल सैल आहे, तिथंच थांबा. टेबलाच्या लाइनला २६५-२७० ला तोडणारा व्होल्टेज कटऑफ लावा. न्यूट्रलला फ्यूज घालू नका. आणि हम (स्पीकरमधली गुणगुण) येतो म्हणून अर्थिंगची पिन कापायची जी पद्धत आहे ना, ती एखाद्या दिवशी माइक धरणाऱ्याला घेऊन जाणार.

मिक्सर_राजारामपुरी

पिनचं शंभर टक्के. एफएलएक्स४ सारख्या कन्सोलला मास्टर आउट फक्त आरसीएचा (घरगुती साउंडच्या साध्या वायरीचा) आहे. ती वायर दहा मीटर ओढली की हम येणारच. दोन मीटरच्या आत डीआय बॉक्स (सिग्नल लांब वायरीजोगा करणारा डबा), त्याचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलचा ग्राउंड तोडणारं बटण) दाबायचा, पुढं एक्सएलआर (तीन पिनांची) वायर. पिन कापायची गरजच नाही. शिवाय तो कन्सोल यूएसबीवर चालतो, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असली की चार्जर काढून ठेवा, जनरेटरचा चेंजओव्हर झाला तरी गाणं जागेवर राहतं.

लॉनवाली

तुमचा नट आवळून झाला असेल तर लग्नाचं लॉन चालवणाऱ्या आमचं पण ऐका. डीजे आठला येतो, नऊला वायर शोधतो, दहाला आम्हाला बंद करावं लागतं आणि पार्टी आमच्याशी भांडते. ज्याला करिअर म्हणायचंय त्यानं एक पान लिहून द्यावं: किती ते किती, जादा तासाचे किती, अ‍ॅडव्हान्स किती, साउंड कुणाचा, वीज कुणाची, सामान जळलं तर कुणी भरायचं.

आणि लायसन्सचं अर्धवट सांगत जाऊ नका. लग्न, वरात आणि लग्नाला जोडून असलेले समारंभ यांना कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट लिहिलेली आहे. तिकीट लावून केलेल्या ३१ डिसेंबरला ती सूट नाही. तिथं रेकॉर्डिंगचं वेगळं आणि गीत-संगीताचं वेगळं असं लायसन्स लागतं, आणि ते कोण काढणार हे आदल्या दिवशी ठरवायचं नसतं.

साउंडवाला उद्यमनगर

झालं. आता डीजेला मीटर पायजे, वकील पायजे, कानात बुच पायजे. म्हणजे बटण दाबणारा नव्हे, पूर्ण ऑफिसच की!

कटऑफ लावतो, तुमच्या समाधानासाठी. न्यूट्रल पण जाड घालतो, खरं त्याचं भाडं लावणार. लिमिटर मी बांधणार आणि पासवर्ड माझ्याकडंच राहणार. डीजेनं प्रोसेसरला हात लावायचा नाय. गाडीचं मात्र मी जे बोललो ते बोललो.

मिक्सर_राजारामपुरी

पासवर्ड खुशाल ठेवा. फक्त सुरू करायच्या आधी लिमिटर किती डेसिबल दाबतोय ते स्क्रीनवर एकदा दाखवा, म्हणजे कॉइल जळली तर फोन कुणी उचलायचा ते तिथंच ठरेल.

लाइनमन फुलेवाडी

आणि मीटर जनरेटरवाल्याचा घेऊ नका, स्वतःचा आणा. त्याच्या मीटरची बॅटरी उतरलेली असते आणि तो वाटेल तो आकडा दाखवतो.