मदत हवी आहे: एआयने केलेला आयईपी मराठीत नीट येत नाही (तातडीचे!)

गोधडी (शनिवार, संध्या. 7:10)
विशेष शाळेत शिक्षिका आहे. सोमवारी तपासणी. नऊ मुलांचे आयईपी द्यायचेत. चॅटजीपीटीकडून करून घेतले पण मराठी नीट येतच नाहीये. चार वेळा केलं, तेच. दुसरं कुठलं टूल वापरू? फुकटातलं सांगा. प्लीज लवकर.

कोडवाला (7:18)
जेमिनी वापरा. मराठी जास्त बरं आहे. आणि आधी इंग्रजीत लिहून घ्या, मग भाषांतर करायला सांगा.

ताम्हण (7:25)
इंग्रजीतून भाषांतर मुळीच करू नका! मी तो उद्योग केलाय. 'विद्यार्थी स्वतंत्ररीत्या दंतधावन क्रिया संपन्न करील' असं आलं होतं. आमच्या मावशी म्हणाल्या, बाई, दात घासायचेत की यज्ञ करायचाय?

रिकामा_कप (7:31)
आयईपी म्हणजे?

जुनी_पाटी (7:40)
वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. प्रत्येक मुलाला आज काय येतं, पुढच्या तीन महिन्यांत काय शिकवायचं आणि कसं, ते लिहायचं.
@गोधडी, कुठल्या मुलांची शाळा? वयोगट? कोणती चेकलिस्ट भरता? एआयला नेमकं काय लिहून दिलंत? आणि 'नीट येत नाही' म्हणजे काय होतं? यातलं काहीच न सांगता टूल कुठलं विचारताय.

गोधडी (7:52)
मतिमंद मुलांची शाळा, प्रायमरी गट. एफएसीपी भरतो, सगळ्यांसारखंच. एआयला मुलाचं नाव, वय, निदान आणि आयक्यूच्या रिपोर्टचा फोटो दिला. टूल सांगा ना कुणीतरी.

एसटी_थांबा (7:58)
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर 'मतिमंद' म्हणत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व म्हणा. निदान शिक्षकांनी तरी.

ताम्हण (8:03)
आमच्या शाळेच्या पाटीवर अजून तेच नाव आहे हो. पाटी रंगवायला पैसे द्या, लगेच बदलतो.

एसटी_थांबा (8:06)
पाटीचं सोडा, तोंडातला शब्द बदलायला पैसे लागत नाहीत.

कोडवाला (8:10)
भांडण बाजूला ठेवा. ताई, मुलाच्या नावासकट रिपोर्टचा फोटो टाकलात? तो संवाद आधी डिलीट करा. सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल्सला जाऊन तुमचं लिखाण मॉडेल सुधारायला वापरण्याची परवानगी बंद करा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. इथून पुढे 'मुलगा क' एवढंच लिहा.

हिरवा_कंदील (8:15)
मूल बोलत नसेल तर जेलो ॲप बघा. आयआयटी मुंबईचं आहे, फुकट आहे, मराठीतही चालतं. चित्रावर बोट ठेवलं की बोलतं. माझ्या पुतण्याला खूप उपयोग झाला.

गोधडी (8:17)
बोलतात हो माझी मुलं. जास्तच बोलतात.

रिकामा_कप (8:20)
भाच्याचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायचंय. कुठे अर्ज करायचा?

एसटी_थांबा (8:22)
स्वावलंबन पोर्टलवर. वेगळा धागा काढा.

जुनी_पाटी (8:30)
@गोधडी, माझा शेवटचा प्रश्न तसाच राहिला. नीट येत नाही म्हणजे भाषा जड येते की अक्षरं बिघडतात?

गोधडी (8:41)
अक्षरंच येत नाहीत! मोबाईलवर छान दिसतं. व्हॉट्सॲपवर डीटीपीवाल्याला पाठवलं की त्याच्याकडे नुसती प्रश्नचिन्हं. पानभर ????? तो म्हणतो पुन्हा टाइप करावं लागेल, पानाचे 40 रुपये.

कोडवाला (8:44)
अहो मग हे आधी सांगायचं ना! दीड तास आम्ही दंतधावन करतोय इथे. तो पेजमेकरमध्ये, म्हणजे त्या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो का?

गोधडी (8:46)
हो. शाळेचा फॉर्म त्याच्याकडेच आहे, श्रीलिपी फॉन्टमध्ये.

कोडवाला (8:53)
मग एआयचा दोष नाही, टूल बदलून काहीही होणार नाही. एआय देतं युनिकोड, म्हणजे मोबाईल-इंटरनेटवर चालते ती अक्षरपद्धत. पेजमेकरला युनिकोडमधली देवनागरी कळत नाही. फॉर्मचा तक्ता गूगल डॉक्समध्ये स्वतः काढा, मजकूर तिथे टाका, पीडीएफ करा आणि त्याला म्हणा, फक्त प्रिंट दे. फॉर्म त्याच्याकडचाच हवा असेल तर युनिकोडचं श्रीलिपी करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला.

गोधडी (8:55)
देव भलं करो. करते.

जुनी_पाटी (9:10)
थांबा. अक्षरं सुटली, आराखडा राहिलाच. नुसतं निदान आणि आयक्यू देऊन आयईपी होत नाही. नऊही सारखेच आले असतील.

गोधडी (9:14)
हो. सगळ्यांना 'रंग ओळखणे', 'सामाजिक कौशल्य वाढवणे', आणि सगळीकडे '80 टक्के अचूकता'. वेळ कुठे आहे हो?

जुनी_पाटी (9:32)
एफएसीपी भरलीय ना? मग माहिती तुमच्याच कपाटात आहे. प्रत्येक बाबीपुढे आपण लिहितो की येतं, की तोंडी सांगावं लागतं, की हात धरून करून घ्यावं लागतं. ते एआयला द्या. माझ्या वर्गातल्या एकाचं मी असं लिहिलं होतं:
'मुलगा क, 9 वर्षं. शर्ट घालतो. बटण भोकाजवळ नेतो, पण भोकातून ओढताना माझा हात लागतो. मोठी बटणं दोन जमतात, गळ्याचं नाही. घाई केली की शर्ट काढून फेकतो. घरी आजी घालून देते.'
आणि पुढे: 'याचं कार्यविश्लेषण कर, लहान पायऱ्या पाड, घरात बोलतात त्या मराठीत लिही, मी दिलं नाही ते घालू नको.' सात पायऱ्या आल्या. दोन खोडल्या, कारण त्यात आरसा होता आणि आमच्या वर्गात आरसा नाही. मुलामागे दहा मिनिटं लागली.

ताम्हण (9:40)
एवढं हातानं लिहायचं तर एआय कशाला? आम्ही पंधरा वर्षं वहीत लिहिलं.

जुनी_पाटी (9:44)
मीही लिहिलं. नवव्या मुलाला पोचेपर्यंत मीसुद्धा 'सामाजिक कौशल्य वाढवणे' असंच लिहायचे. वहीनं कधी अडवलं नाही.

गोधडी (रविवार, दुपारी 1:05)
पाच झाले. सहाव्या मुलीच्या आराखड्यात गंमत बघा. मी लिहिलं होतं 'नाणी ओळखते, 5 आणि 10 मध्ये गोंधळ'. एआयनं सद्यःस्थितीत टाकलं '10 पैकी 6 वेळा अचूक ओळखते'. मी मोजलंच नव्हतं! पण तपासणीला आकडा बरा दिसतो. ठेवू?

जुनी_पाटी (1:09)
खोडा. साहेबांनी त्या मुलीला समोर बसवून दहा नाणी मांडली तर? उद्या सकाळी प्रार्थनेनंतर तुम्हीच मोजा आणि ती जागा पेनानं भरा.

गोधडी (1:12)
बरं. नाणी खरीच घेते, प्लास्टिकची खोटी आहेत हे तिला कळतं. आणि डीटीपीवाला म्हणतोय पीडीएफ प्रिंटचेही पानाला 10. हे जास्त नाही का?

रिकामा_कप (1:20)
आमच्याकडे 2 रुपये घेतात. स्वावलंबनवर ओटीपी येत नाहीये, कुणाला आलाय का?