मदत हवी आहे : साडेचार वर्षांच्या मुलीला रोज मैदानी खेळ कसा मिळवून द्यावा?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात एकत्र कुटुंबात राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि यंदा तिला तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये केजी वनला घातले आहे. सकाळी ती ऑटोने जाते, दुपारी परत येते, जेवून झोपते आणि उठली की शाळेने दिलेला लिहिण्याचा अभ्यास पुढ्यात असतो. शाळेला मैदान नाही. जे फरशीचे आवार आहे तिथे मुले पडतील म्हणून त्यांना धावू देत नाहीत. सध्या कापसाची वेचणी चालू असल्यामुळे आम्ही दोघेही दिवस मावळेपर्यंत वावरात असतो आणि तोवर ती सासूबाईंजवळ असते. घरासमोरून ट्रॅक्टर आणि रेतीचे टिप्पर भरधाव जातात, म्हणून नात रस्त्यावर पळू नये यासाठी त्या तिच्या हाती मोबाइल देतात. त्यात त्यांचा दोष नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईने या वयाच्या पोरीमागे धावावे तरी कसे?

मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, म्हणणे असे की खेड्यातल्या लेकराला खेळाची काय कमी, कमी आहे ती शिक्षणाची. हे खोडून काढणे मला जमत नाही, कारण त्यांच्या लहानपणी ते खरेच होते. मोकळी जागा आजही आहे. नाहीशी झाली ती पोरांची टोळी. रेसटीप, बिल्लस, डाबडुबली हे खेळ लहानांना मोठ्या मुलांकडून मिळत आणि चार वर्षांच्या पोराला ‘कच्चा लिंबू’ म्हणून डावात घेतले जाई, म्हणजे ते बाद होत नसे, पण धावायचे मात्र सगळ्यांइतकेच. आता मोठी मुले शाळा सुटली की शिकवणीला जातात, काही वसतिगृहात असतात, आणि लहान मुले आपापल्या घरात एकेकटी उरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यांतील ६० मिनिटे तरी दम लागेल अशी असावीत, पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत राहावा आणि मुलाला एका जागी सलग तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. आमच्या घरी यांतील एकही गोष्ट पाळली जात नाही. डोळ्यांचीही काळजी वाटते. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवले, तेव्हा तीन वर्षांत दूरचे धूसर दिसण्याचा दोष (लघुदृष्टी) जडण्याचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. ज्या शाळांत तसे केले नव्हते तिथे ते ३९.५ टक्के होते.

ज्यांनी खेड्यात राहून ही घडी बसवली आहे त्यांनी कृपया सांगावे, की जागा आणि देखरेख यांची व्यवस्था कशी केली, फाल्गुनानंतर आपल्याकडचे ऊन सुरू झाले की काय करता, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना कोणत्या शब्दांत समजावले.

प्रतिसाद १ (अंगणवाडी सेविका, वाशीम जिल्हा)

ताई, मामाजींना लिखाणाच्याच बाजूने समजावा. पेन्सिल बोटांनी धरली तरी तिचा भार खांदा आणि मनगट पेलतात, आणि ते बळ लोंबकळण्याने, चढण्याने, माती उकरण्याने आणि पाण्याची लहान बादली उचलण्याने येते. ज्या मुलीचा हात चार ओळींत भरून येतो तिला आणखी चार ओळी लिहायला लावून उपयोग होत नाही. आमच्याकडे कडुनिंबाला दोराचा झोका, अर्धे पुरलेले जुने टायर आणि रेतीचा ढीग एवढेच साहित्य आहे. रेती रात्री झाकून ठेवावी लागते, नाहीतर मांजरी घाण करतात. उन्हाळ्यात आम्ही सकाळी आठच्या आत बाहेरचा खेळ आटोपतो. लहान मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात ती पाणी मागत नाहीत, म्हणून मध्येच थांबवून पाणी पाजावे. दुपारी ओसरीत लंगडी, पोत्याची शर्यत, बेडूकउड्या चालतात. लोखंडी घसरगुंडी असेल तर तळहात टेकवून पाहिल्याशिवाय मुलांना बसू देऊ नका.

प्रतिसाद २ (निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषद शाळा)

सेविकाताईंचे बाकी सारे मान्य आहे, पण साहित्याच्या मागे आधी लागू नये असे मला वाटते. आधी मुले जमवावीत. गावच्या जिल्हा परिषद शाळेचे मैदान शाळा सुटल्यावर मोकळे असते. ते वापरू द्यावे असा साधा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या. या समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात, त्यामुळे बोलणी घरच्यासारखी होतात. चौथीतल्या दोन समजूतदार मुलींना डाव मांडायला सांगितले की लहान मुले आपोआप मागे येतात, मात्र एक मोठे माणूस तिथे बसलेले हवेच. गवत कापून घ्यावे आणि दिवेलागणीच्या आत सर्वांनी घरी यावे, कारण साप-विंचवाचे भय खरे आहे. कॉन्व्हेंटबद्दल म्हणाल, तर तिथे पहिलीपासूनचे वर्ग असतील तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत खेळाचे मैदान हा शाळेच्या निकषांपैकीच एक आहे. चार-पाच पालकांनी मिळून, न भांडता, लेखी विचारावे.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही आभार. मनगटाचा मुद्दा मामाजींना पटण्याजोगा आहे. तो आज रात्री जेवताना काढीन. अर्जावर सही करायला आमच्या आळीतल्या तिघी जणी तयार आहेत, पण आम्ही सगळ्याच वेचणीला जातो, त्यामुळे चार ते साडेपाच या वेळात मैदानावर बसणार कोण, हा पेच उरतो. कोणाच्या गावी आजोबांनी आळीपाळीने ही पाळी घेतली आहे का? घेतली असल्यास त्यांना कोणी आणि कसे तयार केले, ते कळवावे.