उदबत्ती नाही धरली, म्हणून मुलगा कृतघ्न?

वसईवाला: जुरॉंगकरांचा कालचा लेख वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: सिंगापुरात त्यांच्या चिनी सहकाऱ्याचे वडील गेले. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मांडव, ताओ धर्माचे पुरोहित, झांजा, मृतासाठी कागदी बंगला जाळणं, सगळं साग्रसंगीत. थोरला मुलगा ख्रिस्ती. त्याने ना उदबत्ती धरली, ना गुडघे टेकले. सगळं धाकट्याने केलं. यावरून लेखकांचा निष्कर्ष: ख्रिस्ती झाला की माणूस आईबापाला विसरतो.

अहो, पाचही रात्री तो शवपेटीपाशी बसून होता, हे तुम्हीच लिहिलंय! ते काय बाप विसरल्याचं लक्षण?

आणि ख्रिस्ती म्हणजे नेमके कोण? चीनला गेलेल्या मात्तेओ रिच्ची या मिशनऱ्याच्या परंपरेतले जेझुइट हे कॅथलिक संघाचे पाद्री म्हणत, पूर्वजांपुढे वाकणं हा मान आहे, पूजा नव्हे. डोमिनिकन हा दुसरा कॅथलिक संघ म्हणाला, ही मूर्तिपूजाच. १७०४ आणि १७१५ मध्ये पोपने बंदी घातली, त्यावर भडकून चीनच्या कांगशी बादशहाने १७२१ मध्ये मिशनऱ्यांवरच बंदी आणली. शेवटी १९३९ मध्ये रोमने ते विधी चालतील म्हणून सांगितलं. आज चिनी कॅथलिक बापाच्या तसबिरीपुढे खुशाल उदबत्ती धरतो.

जुरॉंगकर: इतिहासाबद्दल आभारी आहे, पण मी त्या आईबद्दल लिहिलं होतं. पुरोहित थोरल्याला पुढे बोलवायचा, उठायचा धाकटा. प्रत्येक वेळी ती बाई थोरल्याकडे बघायची. मी हिंदू, तीनदा वाकलो, उदबत्ती लावली. माझा गणपती काही रुसला नाही.

नगरची_पोर: तुमचा गणपती रुसत नाही, कारण 'माझ्याशिवाय दुसरा देव नको' असं त्याने तुम्हाला बजावलेलं नाही. आम्हाला बजावलंय. 'आईबापाचा मान राख' हेही दहा आज्ञांच्या त्याच यादीत आहे, आमच्यात पाचवं, वसईवाल्यांच्या कॅथलिकांत चौथं. आणि वसईवाले, पोपची परवानगी आम्हाला दाखवू नका, आम्ही प्रोटेस्टंट.

माझे सासरे मलेशियातल्या इपोहचे, चिनी. डायलिसिसच्या सगळ्या खेपा माझ्या नवऱ्याने केल्या, आंघोळ घातली, मांडवाचा खर्चही त्यानेच दिला. फक्त उदबत्ती घेतली नाही, हात जोडून मान खाली घालून उभा राहिला. तर आत्या सगळ्यांदेखत ओरडली, "आता तिकडे तुझ्या बापाला जेवू कोण घालणार?" ज्यांनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती, ते सगळे उदबत्त्या घेऊन रांगेत पुढे.

चिकित्सक: आणि उलटं होतं ते? आमच्या शेजारच्या आजी जन्मभर क्वानयिन या बौद्ध देवीच्या भक्त. शेवटच्या आठवड्यात आयसीयूत पास्टर आला, बाप्तिस्मा झाला आणि अंत्यविधीला थेट ख्रिस्ती गाणी. बौद्ध लेकी पाहुण्यांसारख्या मागच्या खुर्च्यांवर. कोणी विचारलं होतं आजींना?

नगरची_पोर: तुम्ही विचारलं होतं? कित्येक म्हातारे स्वतःहून मागतात. मुलं चर्चला जातात, मागे नैवेद्य कोण दाखवणार, त्यापेक्षा मुलांच्याच वाटेने जाऊ, असा त्यांचा हिशोब असतो.

चिकित्सक: वा! म्हणजे आधी मुलं न्यायची, मग त्या एकटेपणाच्या जोरावर आईबापही न्यायचे. झकास धंदा.

वसईवाला: धंदा हा शब्द मागे घ्या. २०२०च्या जनगणनेत सिंगापुरात १८.९ टक्के ख्रिस्ती आहेत, ताओ ८.८. या सगळ्यांना कोणी पोत्यात भरून नेलं का?

चिकित्सक: नाही घेत. शुद्ध हरपलेल्या माणसाची सही चालत नाही, मग बाप्तिस्मा कसा चालतो?

नगरची_पोर: शुद्ध नव्हती हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या मागच्या खुर्च्यांनी?

पेन्शनरकाका: चिनी सोडा. आमचे चिरंजीव विवेकवादी. आईच्या दहाव्याला घाटावर आले नाहीत, पिंडाला कावळा शिवेपर्यंत मी एकटा उन्हात. फ्लॅटच्या वारसनोंदीला मात्र सकाळी दहाच्या ठोक्याला हजर! तिथे विवेक आडवा आला नाही.

चिकित्सक: काका, जिवंतपणी आईचं कोणी केलं तेही सांगा.

पेन्शनरकाका: त्यानेच केलं. म्हणून काय झालं?

जुरॉंगकर: बरं बाबा, तो मुलगा कृतघ्न नाही, नुसता हट्टी आहे. झालं समाधान? तरी आईसाठी एकदा वाकला असता तर त्याच्या देवाचं काय बिघडलं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

नगरची_पोर: त्या आईने वाक म्हटलं होतं का?

जुरॉंगकर: मला त्यांची हॉक्किएन बोली येत नाही.

नगरची_पोर: मग लेख कशाच्या जोरावर लिहिलात?

नवीन_सभासद: मध्येच विचारतो, माफ करा. उद्या चिनी शेजाऱ्यांकडे असंच जायचं आहे. पाकिटात १०१ डॉलर चालतील का?

वसईवाला: पाकीट पांढरं, आकडा विषम, म्हणजे चालतील. फक्त त्यांच्या लग्नात असा आहेर करू नका, तिथे सम लागतो. आमच्या मेव्हण्याने १०१ दिले होते, नवरीची आई अजून बोलत नाही.