क्योतोची सहल : आपापल्या ऐपतीतले अनुभव

क्योतो ७९४ ते १८६८ अशी हजारांहून अधिक वर्षे जपानची राजधानी होती आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातून बऱ्याच अंशी वाचली, त्यामुळे जपानला निघालेल्या बहुतेकांच्या यादीत तोक्योच्या जोडीला तिचे नाव असतेच. तिथे जायला खर्च किती येतो, या प्रश्नाला मात्र एकच एक आकडा सांगता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या ऐपतीत हे शहर पाहून आलेल्या वाचकांना सविस्तर लिहिण्याची विनंती केली होती.

माझे स्वतःचे मत आधी सांगतो. क्योतोत देवळे, बागा आणि बसची तिकिटे यांनी खिसा रिकामा होत नाही. तो रिकामा होतो तुम्ही कोणत्या महिन्यात जाता आणि रात्री कुठे झोपता यावर. किंकाकुजीचे, म्हणजे सोनेरी देवळाचे, शुल्क सुमारे ५०० येन आहे आणि येनचा भाव अलीकडे ५५ ते ६० पैशांच्या आसपास राहिला आहे. म्हणजे मुंबईतल्या सिनेमाच्या तिकिटात ते बसते. शहराला स्वतःचा विमानतळ नाही. ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरून हारुका नावाच्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास क्योतो स्थानक येते. भारतीयांना व्हिसा आगाऊ काढावा लागतो आणि त्यासाठी बँकेची विवरणपत्रे, आयकराचे कागद आणि दिवसवार कार्यक्रम तयार ठेवावा लागतो. आता अनुभव वाचावेत.

बंगळूर, पदव्युत्तर शिक्षण घेणारी विद्यार्थिनी

आम्ही दोघी मैत्रिणींनी हात आखडता ठेवूनच आखणी केली. पहिला प्रश्न जपानभर चालणाऱ्या रेल्वेच्या सात दिवसांच्या पासचा होता. जुने प्रवासवर्णन वाचणारा प्रत्येकजण तो घ्या म्हणून सांगतो, परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० वरून ५०,००० येनवर गेली. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, एका बाजूचे भाडे साधारण १४,००० येन आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८,००० च्या आसपास. केवळ या दोन शहरांसाठी पास घेणे हा निव्वळ तोटा होता. आम्ही जाताना रात्रीची बस घेतली, जी बरीच स्वस्त पडते आणि एका रात्रीचे भाडेही वाचवते. पाठ मात्र सकाळी तिची किंमत वसूल करते.

राहण्यासाठी आम्ही क्योतोच्या शेजारचे ओत्सु निवडले. ते बिवा सरोवराच्या काठी आहे, रेल्वेने क्योतोपासून जेमतेम दहा मिनिटांवर आहे, आणि गर्दीच्या दिवसांत तिथले दर क्योतोइतके चढत नाहीत. जेवण बहुतेक वेळा चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांतून किंवा संध्याकाळी सुपरमार्केटमधून घेतले. दुकान बंद होण्याच्या सुमारास तयार डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या जातात. ती चिठ्ठी लावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मागे सभ्य अंतर राखून रेंगाळणारे आम्ही एकटेच नव्हतो.

फुकट पाहण्यासारखे इतके आहे की पैसे खर्च करायला सवड मिळत नाही. फुशिमी इनारी या देवस्थानाच्या शेंदरी कमानींचा डोंगर दिवसरात्र उघडा असतो आणि त्याला शुल्क नाही. सकाळी सहाला पोहोचलात तर वाट मोकळी मिळते; दहा वाजता तीच वाट दादर स्थानकाच्या पुलासारखी होते. अर्ध्या चढावर शहर दिसणारा टप्पा येतो आणि बहुतेक लोक तिथूनच परततात, म्हणून पुढचा भाग दिवसाही शांत असतो. राजवाड्याभोवतीचे विस्तीर्ण उद्यान, कामो नदीचा काठ आणि चेरीच्या झाडांखालून जाणारी तत्त्वज्ञाची वाट यांनाही तिकीट नाही.

ठाणे, आईवडील आणि मुलांसह गेलेले गृहस्थ

आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या आई होत्या आणि शाळकरी मुले होती, त्यामुळे पैशांइतकाच पायांचा हिशेब करावा लागला. शहराच्या मध्यभागात बसचे सरसकट भाडे २३० येन आहे. मागच्या दाराने चढायचे, उतरताना चालकाजवळच्या पेटीत नेमके पैसे टाकायचे, आणि सुटे नसतील तर त्याच यंत्रातून आधी नोट मोडून घ्यायची, असा क्रम आहे. फक्त बसपुरता मिळणारा एक दिवसाचा पास गर्दीमुळे बंद झाला. भुयारी रेल्वे आणि बस मिळून दिवसाचा पास ११०० येनला आहे. भुयारी रेल्वेचे मार्ग दोनच आहेत, परंतु गाड्या वेळेवर असतात आणि स्थानकांत उद्वाहन असते, त्यामुळे आईंना तो मार्ग सोयीचा पडला. जिथे रेल्वे नाही तिथे आम्ही टॅक्सी केली. चार माणसांचे बसभाडे जोडले तर जवळच्या अंतराला फरक फार उरत नाही. टॅक्सीचे दार चालक स्वतः कळ दाबून उघडतो. आई प्रत्येक वेळी दाराला हात घालायच्या आणि ते आपोआप उघडले की दचकायच्या.

सामानाबद्दल आग्रहाने सांगतो. मोठ्या बॅगा घेऊन क्योतोच्या बसमध्ये शिरणे हा स्वतःला आणि इतरांना दिलेला त्रास आहे. तोक्योच्या हॉटेलातून बॅगा कुरिअरने क्योतोच्या हॉटेलात पाठवता येतात. बॅगेमागे दोन-तीन हजार येन पडतात आणि साधारणपणे दुसऱ्या दिवशी त्या पोहोचतात. या प्रवासातला सर्वांत योग्य खर्च मी तोच मानतो. कियोमिझु-देरा हे देऊळ सकाळी सहाला उघडते. तिथे जाणारी चढाची, पायऱ्यांची गल्ली तेव्हा रिकामी असते आणि वृद्धांना थांबत थांबत चढता येते.

नाशिक, जैन कुटुंबातील गृहिणी

शाकाहारी माणसाने क्योतोत उपाशी राहावे लागेल ही भीती सोडावी, पण सावधपणा सोडू नये. भाजी, नूडल्स, कढी, अंड्याशिवायचे पदार्थ, सगळ्यांच्या मुळाशी बहुधा सुक्या माशाच्या कापांचा अर्क असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ‘यात मांस नाही’ या उत्तरावर समाधान मानता येत नाही. मासा आणि माशाचा अर्क हे वेगळे विचारावे लागतात. जपानीत लिहिलेले कार्ड आम्ही घरूनच छापून नेले होते आणि ते उपाहारगृहात पुढे केले की कर्मचारी आत जाऊन खरोखरच चौकशी करून येत असत.

बौद्ध मठांतले शोजिन, म्हणजे मांस-मासे वर्ज्य असलेले, भोजन ही मात्र या शहराची देणगी आहे. अर्क समुद्री शेवाळाचा आणि मशरूमचा असतो, कांदा-लसूणही नसतो. आराशियामाच्या तेन्र्युजी मठाच्या आवारात ते मिळते. माझ्यासारख्या कंदमुळे न खाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की मुळा आणि कमळाचे कंद त्यात हमखास असतात, आणि मशरूमचा प्रश्न उरतोच. आम्ही घरून खाकरे, ठेपले आणि झटपट पोहे नेले होते. ताजी फळे आणि भाज्या नेण्यावर जपानात कडक निर्बंध आहेत, म्हणून कढीपत्त्याची जुडीसुद्धा बॅगेत टाकू नये.

पुणे, निवृत्त प्राध्यापक

मला मूर्तिशास्त्राची आवड आहे आणि त्या दृष्टीने क्योतोकडे फारसे कोणी पाहत नाही. सांजुसांगेन्दो हे सुमारे १२० मीटर लांबीचे लाकडी सभागृह आहे. त्यात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती रांगांनी उभ्या आहेत. सगळे त्या रांगा पाहून पुढे जातात. त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या अठ्ठावीस रक्षकांकडे थांबून पाहावे. त्यातला बासरी वाजवणारा, चोच असलेला कारुरा म्हणजे आपला गरुड. काठीवर रेललेला, बरगड्या मोजता याव्यात असा कृश वृद्ध म्हणजे वसू ऋषी. तोजी देवळाच्या व्याख्यानगृहात ब्रह्मदेव हंसांवर बसलेला आहे आणि इंद्र हत्तीवर. दोन्ही ठिकाणी आत छायाचित्रे काढता येत नाहीत आणि ते बरेच आहे. सांजुसांगेन्दोत जोडे काढून जावे लागते. थंडीत गेलात तर जाड मोजे घाला, कारण लाकडी जमीन बर्फासारखी असते.

पुणेकरांसाठी एक वाकडी वाट सुचवतो. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर उभारले, ती कोराकुएन बाग ओकायामाला आहे आणि क्योतोहून शिंकान्सेनने तासाभरात तिथे पोहोचता येते. दिवस हाताशी असेल तर अवश्य जावे.

दुबई, मराठी दांपत्य

आमच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही पारंपरिक सरायीत, म्हणजे र्‍योकानमध्ये, राहिलो. तिथला दर खोलीमागे नसून बहुधा माणसामागे असतो आणि त्यात रात्रीचे अनेक पदरी भोजन व न्याहारी धरलेली असते, हे न कळल्यास आकडा पाहून गोंधळ होतो. भोजनाची वेळ संध्याकाळी लवकरची आणि पक्की असते. दिवसभर भटकून नऊला परतणाऱ्याने तिथे पैसे घालू नयेत. आम्ही एकच रात्र तिथे काढली आणि उरलेल्या रात्री स्थानकाजवळच्या साध्या हॉटेलात. सगळ्या रात्री सरायीत राहणे हे पैसे असूनही शहाणपणाचे नाही असे आम्हाला वाटते, कारण तिथे राहण्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवावी लागते. मुक्कामावरचा नगरकर मार्च २०२६ पासून वाढला आहे. स्वस्त खोलीला माणशी रात्री २०० येन, तर एक लाख येनच्या वरच्या मुक्कामाला १०,००० येन.

ओसाका, नोकरीनिमित्त राहणारे अभियंते

वर सगळ्यांनी खर्च लिहिला, मी पंचांग लिहितो. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा चेरीचा आणि नोव्हेंबरचा उत्तरार्ध लाल पानांचा; या दोन्ही वेळी खोल्यांचे दर दुपटीच्याही पुढे जाताना मी पाहिले आहेत. एप्रिलअखेरीच्या सुट्ट्यांत खुद्द जपानी लोकच बाहेर पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरांनी वेढलेल्या या शहरात कोकणातल्या मे महिन्याची आठवण यावी इतका घाम येतो, पण १७ आणि २४ जुलैला गिओन उत्सवाचे रथ आणि १६ ऑगस्टला डोंगरांवर पेटणाऱ्या पाच आकृती पाहायच्या तर तो सोसावा लागतो. स्वस्तात जायचे तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी हाच काळ मी सुचवेन. गारठा असतो, दिवस लवकर मावळतो, पण दर उतरलेले असतात. शनिवारची रात्र तेव्हाही टाळावी.

गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना २०२४ पासून बंदी आहे आणि १०,००० येन दंडाचे फलक लावलेले आहेत. गेइशांच्या, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या, मागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांनी ती ओढवून घेतली. शक्य असेल तर तारखा अशा निवडा की २१ किंवा २५ तारीख मुक्कामात येईल. २१ ला तोजीच्या आणि २५ ला कितानो तेनमांगू या देवस्थानाच्या आवारात बाजार भरतो. जुने किमोनो, चिनी मातीची भांडी, लाकडी पेट्या तिथे मिळतात. रोख पैसे जवळ ठेवा आणि सकाळी लवकर जा. दुपारनंतर विक्रेते आवराआवर करू लागतात.