कमानपाट्याची मसाई तलवार ‘पारंपरिक’ म्हणायची का?

लोहभाता: केनिया-टांझानियात मिळणाऱ्या कितीतरी ओलालेम, म्हणजे तिथल्या मसाई या पशुपालक जमातीच्या तलवारी (स्वाहिलीत सिमी), ट्रकच्या कमानपाट्यापासून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) नाहीतर झिजलेल्या कोयत्यापासून केलेल्या असतात. दुधारी, टोकाकडे रुंद होत गेलेलं पातं आणि लाल चामड्याचं म्यान दिसलं की लोक ‘अस्सल’ म्हणतात. भाले तर आट्यांनी जोडून सुटे होणारे मिळतात. माझ्या मते ही शोभेची वस्तू, शस्त्र नव्हे.

पाणीदार: सुट्या भाल्याबाबत मान्य, कमानपाट्याबाबत अजिबात नाही. व्यापारातलं लोखंड मुबलक झालं तेव्हाच, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, भाल्याचं छोटं पानासारखं पातं लांब आणि अरुंद झालं. मोरानच्या, म्हणजे तरुण योद्ध्याच्या भाल्यात लांब पातं, मधे वीतभर लाकूड आणि खाली लांब लोखंडी बूड असतं. तोही बाहेरून आलेल्या लोखंडामुळेच घडला! उलट कमानपाट्याचं पोलाद उत्तम. फक्त ते लाल तापवून सावकाश निववावं, मग घडवावं, आणि पाणी द्यायचं ते तेलात. पाण्यात बुडवलं तर केसासारखी चीर जाते. त्यानंतर मंद आच दिली नाही, तर धार काचेसारखी तुटते.

माळरान: तुम्ही दोघेही लोखंडातच अडकलात. शस्त्र बनवणारे कुनोनो, म्हणजे लोहार कुळ. इतर मसाई त्यांच्याशी सोयरीक करत नसत, आणि त्यांच्याकडून लोखंड घेताना हाताला चरबी चोळत. हत्यार पवित्र की विटाळलेलं, हे या देण्याघेण्यात ठरायचं. बाजारात विकत घेतलेल्या पात्याला तो संस्कार कुठून येणार? (लोहारांवरचा बहिष्कार अन्यायाचाच होता, तो मी परंपरा म्हणून मिरवणार नाही.) खरी हानी झाली ती ढालीची. ही ढाल, एलोंगो, रानम्हशीच्या कातड्याची. तिच्यावरच्या लाल, काळ्या, पांढऱ्या सिराता-चिन्हांवरून गट आणि वयोगट ओळखता यायचा. पराक्रमाचं छोटं लाल चिन्ह तर कमवावं लागायचं. केनियात १९७७ पासून शिकारबंदी आहे, मग ते कातडं आणणार कुठून?

लोहभाता: ढालीचा मुद्दा पटला. पण मग उरलं काय?

पाणीदार: ओरिंका उरला, गाठीच्या टोकाचा फेकसोटा. २०१२ पासून मसाई ऑलिंपिक्समध्ये सिंह मारून पराक्रम दाखवण्याऐवजी भालाफेक आणि ओरिंकाने नेम धरण्याच्या स्पर्धा होतात. ओरिंका एकाच लाकडाचा, गाठीसकट कोरलेला हवा. ओलं लाकूड उन्हात वाळवलं, तर भेग नेमकी गाठीच्या मानेशी पडते.