शिवी बनवता येते का?

पऱ्हाटीवाला: परवा इथं एकानं लिहिलं, "बनवलेल्या भाषेतली शिवी म्हणजे प्लास्टिकचा विंचू. शिवी मुरायला चार पिढ्या लागतात." राहवलं नाही म्हणून लिहितो. एस्पेरांतो ही झामेनहॉफनं बनवलेली भाषा, 1887 सालची. 'दोमो' म्हणजे घर, 'दोमाचो' म्हणजे भिकार खोपट. 'होमो' माणूस, 'फिहोमो' नीच माणूस. शब्द कोणताही घ्या, मागं 'आच' नाहीतर पुढं 'फि' लावा, अपमान तयार.

वर्धेकाठची: भाऊ, हे व्याकरण झालं. माही आजी "मुडदा बशिवला तुहा" म्हणे अन् त्याच हातानं ताटात भाकर वाढे. तुमच्या 'आच'मधे ती भाकर कुठं हाय?

पऱ्हाटीवाला: मग क्लिंगन घ्या, 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासी क्लिंगनांसाठी बनवलेली भाषा. ती बनवणाऱ्या मार्क ओक्रँडचा शब्दकोश 1985 चा. त्या भाषेत मोठा अपमान कोणता, तर "तुझ्या आईचं कपाळ गुळगुळीत". क्लिंगनांच्या कपाळावर हाडाचे उंचवटे असतात, म्हणून ते झोंबतं.

वर्धेकाठची: म्हणजे तिथंही आईच! कोरी पाटी हाती होती, तरी बाईच सापडली? पानठेल्यापासून बसस्टँडपर्यंत आम्ही हेच ऐकून राह्यलो.

बह्याड नाही मी: ताई, रास्त आहे, पण विषय शिव्या मुरण्याचा आहे. एस्पेरांतोवाले जमले असताना कोणी आपल्या मायबोलीत बोलू लागला, की त्याला 'क्रोकोडिली' म्हणतात, मगरीसारखं वागणं. हा टोमणा बोलणाऱ्यांतूनच आला. मला फार आवडतो.

वर्धेकाठची: आवडते? चौथीत मी "मले पानी पायजे" म्हटलं, तर गुरुजीनं तासभर बाकावर उभं केलं. "शुद्ध बोल" म्हणे. तहान तशीच राह्यली. मायबोली बोलल्याबद्दल माणसाले मगर म्हणणाऱ्यायचं कौतुक मले सांगू नका!

बह्याड नाही मी: ते लोक जगभरातून येतात. दोघं आपसात पोलिश बोलले तर तिसरा बाहेर पडतो. शाळेशी तुलना कशाला?

वर्धेकाठची: बाहेर कोण पडलं, हे बाकावर उभं राहून पाहा.

पऱ्हाटीवाला: पण ताई, शब्द लागला ना तुम्हाला?

वर्धेकाठची: लागला. पण तो झामेनहॉफनं कागदावर बनवला नाही. माणसं एकत्र बसली, एकमेकांवर चिडली, तवा झाला. मी तेच सांगून राह्यली.

पऱ्हाटीवाला: अन् त्याला चार पिढ्या लागल्या नाहीत.

वर्धेकाठची: बरं, चार पिढ्यायचं सोडलं. गुरुजीचं नाही सोडत.