टीव्हीच्या पीसीसाठी डिकोडर कोणता? चित्र सुधारायला डिकोडर बदलू नका, असं माझं मत

निवांत प्रेक्षक (धागाकर्ता)

टीव्हीला जोडलेल्या पीसीवर कोणता डिकोडर (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडून फ्रेमा बाहेर देणारा भाग) टाकावा, असं विचारलं की हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो अमक्या डिकोडरने रंग खुलतात, तमक्याने चित्र धारदार होतं. दुसरा म्हणतो ग्राफिक्स कार्ड आहे ना, मग सगळं त्याच्यावर सोडा. पहिलं मत मला साफ अमान्य आहे, दुसरं बरंचसं मान्य.

एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या तिन्ही प्रमाणांत डिकोडरने कोणतं गणित कसं करायचं ते शेवटच्या बिटपर्यंत ठरलेलं आहे. एकच फाइल दोन निर्दोष डिकोडरांना दिली, तर बाहेर येणारी प्रत्येक फ्रेम पिक्सेलन् पिक्सेल सारखी असते. डीव्हीडीच्या जुन्या एमपीईजी-२ मध्ये थोडी मोकळीक होती, तिथे एका गणिती पायरीत किंचित फरक चालत असे. पण तो फरक सोफ्यावर बसून दिसणारा नव्हे.

मग लोकांना फरक दिसतो तो कशाचा? नव्वद टक्के वेळा रेंडररचा, म्हणजे उलगडलेली फ्रेम पडद्यावर रंगवणाऱ्या भागाचा. अर्ध्या रुंदी-उंचीत साठवलेले रंग पूर्ण आकाराला ताणायचे कसे, काळ्या ते पांढऱ्याची १६ ते २३५ ही मर्यादित पातळी टीव्हीला तशीच द्यायची की ० ते २५५ करून, एचडीआर (जास्त उजेड-अंधाराच्या) चित्राचा उजेड टीव्हीच्या कुवतीत कसा बसवायचा, हे सगळं डिकोडरच्या नंतर घडतं. नवा डिकोडर टाकताना नकळत रेंडररही बदलतो आणि श्रेय डिकोडरला जातं.

म्हणून माझी निवड सरळ आहे. विंडोजवर एमपीसी-एचसी हा प्लेअर आणि त्यात एलएव्ही फिल्टर्स हे डिकोडर, हार्डवेअर डिकोडिंग (प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपवर उलगडणं) विंडोजच्या डी३डी११ या मार्गावर. मूळ एमपीसी-एचसीचं काम २०१७ मध्ये थांबलं, पण पुढे चालू ठेवलेली आवृत्ती मिळते, तीच घ्या. एवढं करून थांबा.

कळफलक

'एवढं करून थांबा' हे पटलं नाही. हार्डवेअर डिकोडिंग म्हणजे ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या हाती चित्र सोपवणं. एमपीव्ही या प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंदच असतं आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत कारणही दिलंय: त्यातून अडचणी उद्भवू शकतात, गरज असेल तरच लावा. ज्यांनी प्लेअर लिहिला त्यांचंच हे म्हणणं आहे.

आठ कोरचा प्रोसेसर नुसता बसून असतो. १०८० ची फाइल त्याला किस झाड की पत्ती. २४ फ्रेमच्या चित्रपटात एका फ्रेमसाठी जवळपास ४२ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात साधा प्रोसेसरही काम उरकून मोकळा होतो.

आणि तुमचं बिटपर्यंत ठरलेलं गणित फाइल निकोप असेल तेव्हाचं! प्रसारणातून रेकॉर्ड केलेल्या फायलीत मधे तुकडे गहाळ असतात. तिथे एफएफएमपेग हा सॉफ्टवेअर (प्रोसेसरवर चालणारा) डिकोडर खाडे बऱ्यापैकी बुजवतो. हार्डवेअर काय करेल हे त्या त्या ड्रायव्हरवर.

पंखा बंद

कळफलक, तुमचा पीसी वेगळ्या खोलीत असेल. माझा टीव्हीखालच्या कपाटात आहे. ४के एचईव्हीसी, दहा बिट (म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा), वर ब्ल्यू-रेचा भारी बिटरेट, हे प्रोसेसरवर चालवलं की पंखा संवादांपेक्षा मोठ्याने बोलतो. तीच फाइल ग्राफिक्सच्या ठरावीक सर्किटवर गेली की प्रोसेसर झोपलेला. थिएटरच्या पीसीत शांतता हाही चित्राच्या दर्जाइतकाच दर्जा आहे, निदान माझ्या लेखी.

फक्त खरेदीआधी चिप बघून घ्या. इंटेलची सातवी पिढी दहा बिट एचईव्हीसी हार्डवेअरवर सोडवते, अकरावीपासून एव्ही१ सुद्धा. एनव्हीडियाला एव्ही१ साठी ३० मालिका लागते. एएमडीची आरएक्स ६००० मालिका एव्ही१ चालवते, पण ६४०० आणि ६५०० एक्सटी यांतून ते काढून टाकलंय. नेमकी हीच लहान, थंड कार्डं लोक टीव्हीखाली लावायला घेतात!

जुन्या डीव्हीडीवाला

तुम्ही सगळे ४के वर बोलताय. ज्यांच्याकडे डीव्हीडी आणि इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी पाठवणाऱ्या) प्रसारणाचा साठा आहे, त्यांनी कुठे जायचं? तिथे डिकोडरशी जोडलेली डिइंटरलेसिंगची (त्या ओळी जुळवून पूर्ण फ्रेम करण्याची) सेटिंग चित्र घडवते किंवा बिघडवते. एलएव्हीमध्ये त्यासाठी याडिफ आहे, तो प्रोसेसरवर चालतो. हार्डवेअरचा रस्ता घेतला तर ते काम ड्रायव्हरकडे जातं आणि प्रत्येक कंपनीचा निकाल निराळा. धावत्या खेळाडूच्या कडेला कंगव्याचे दात दिसले की बाकी सगळी थिअरी फोल.

शिवाय धागाकर्त्यांनी एक गोष्ट गाळली. डिकोडर मुद्दाम चूक करू शकतो! एच.२६४ मधला डिब्लॉकिंग फिल्टर (चित्रातल्या चौकोनी ठोकळ्यांच्या कडा पुसणारा) वगळण्याची सोय व्हीएलसीत आहे, पूर्वीच्या कोअरएव्हीसी या डिकोडरातही होती. हा फिल्टर डिकोडिंगच्या साखळीतच बसतो, पुढच्या फ्रेमा त्याच फ्रेमवरून बनतात. तो वगळला की चूक पुढच्या कीफ्रेमपर्यंत (दुसऱ्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण फ्रेमपर्यंत) साचत जाते. दुबळ्या मशीनवर कुणीतरी वेगासाठी ते चालू करतं आणि मग म्हणतं, 'या डिकोडरचं चित्र खराब आहे.'

निवांत प्रेक्षक

डिब्लॉकिंगचा मुद्दा चोख, पण तो माझ्याच बाजूचा आहे. तिथे डिकोडर प्रमाण सोडून वागतोय. असं वागायला सांगू नका, फरक संपला.

कळफलक, तुम्ही १०८० वर बोलता आणि निष्कर्ष सगळ्यावर काढता. ४के ६० फ्रेम, दहा बिट एचईव्हीसी लावा आणि वर रेंडररला भारी काम द्या, मग बोलू. मात्र एक अपवाद मी स्वतःहून देतो: दहा बिट एच.२६४. बहुतेक ग्राफिक्स कार्डं ते सोडवतच नाहीत. एलएव्ही अशा वेळी गुपचूप सॉफ्टवेअरवर येतो, प्रेक्षकाला कळतही नाही. म्हणूनच तर मी एलएव्ही म्हणतो, हट्टाने हार्डवेअर म्हणत नाही.

रिमोट कुठंय

क्षमस्व, पण हा सगळा वाद पीसी चालवणाऱ्या एकट्याचा आहे. घरातल्या बाकीच्यांना रिमोटचं एक बटण दाबून चित्रपट हवा. कोडी हा मीडिया प्लेअर टाका. डिकोडर त्याच्या पोटात आहे, हार्डवेअर आपोआप वापरतो, फिल्टर जोडत बसायला लागत नाही. टीव्हीचा रिफ्रेश रेट फाइलप्रमाणे बदलण्याची सोयही आहे. २३.९७६ ची फाइल ६० हर्ट्झवर अडखळते, आणि ते अडखळणं डिकोडर बदलून जन्मात जाणार नाही.

आणि कोडेक पॅकचं (अनेक डिकोडर एकगठ्ठा टाकणाऱ्या संचाचं) नाव कुणी काढलं नाही हे बरं झालं.

कळफलक

कोडी उत्तम, वाद नाही. पण त्यात डिकोडिंग चालू-बंद करण्यापलीकडे हातात फारसं काही राहत नाही. ज्याला प्रोजेक्टरवर मॅडव्हीआर हा रेंडरर चालवायचाय त्याने काय करायचं?

हार्डवेअरच वापरायचं तर मी कॉपी-बॅक म्हणेन. म्हणजे ग्राफिक्सने सोडवलेली फ्रेम परत साध्या मेमरीत आणायची. मग प्रोसेसरवरचे फिल्टर लावता येतात, चित्राच्या वर-खालचे काळे पट्टे ओळखून कापता येतात. नेटिव्ह मोडमध्ये फ्रेम ग्राफिक्सच्या मेमरीतच अडकून पडते.

पंखा बंद

कॉपी-बॅकचा हिशेब करा ना. ४के दहा बिटची एक फ्रेम साधारण २५ एमबी. २४ फ्रेमला सेकंदाला ६०० एमबी, ६० ला दीड जीबी. तेवढं आधी खाली आणायचं, मग रेंडररसाठी परत वर चढवायचं. वेगळं कार्ड सोळा लेनच्या पीसीआयई ३ वर (मदरबोर्डच्या पूर्ण रुंद जोडणीवर) असेल तर ते सहज झेपतं, पण छोट्या मशीनवर, जिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर भांडतात, तिथे फ्रेमा गळायला लागतात. डी३डी११ च्या आधीच्या डीएक्सव्हीए२ या मार्गाच्या दिवसांत मॅडव्हीआरसोबत नेटिव्ह मोडमध्ये रंगांची हानी व्हायची, म्हणून कॉपी-बॅकचा सल्ला रुजला. डी३डी११ आल्यावर ते कारण उरलं नाही, सल्ला मात्र फिरतोच आहे.

जुन्या डीव्हीडीवाला

नवीन येणाऱ्यांसाठी एक काम की बात. वाद घालण्याआधी आपल्याकडे नक्की काय चालू आहे ते बघा. एमपीसीमध्ये कंट्रोल-जे, एमपीव्हीमध्ये आय, कोडीत ओ. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सखाली व्हिडिओ डिकोडचा आलेख हलला नाही, तर तुम्ही सेटिंगमध्ये कितीही खुणा केल्या असल्या तरी हार्डवेअर चालू नाही.

निवांत प्रेक्षक

काळे पट्टे कापण्यासाठी कॉपी-बॅक लागतो हे मान्य, चित्राची उंची कायम ठेवून फक्त रुंदी बदलणाऱ्या पडद्यावर ती खरी गरज आहे. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये यावर मी ठाम आहे.

एव्ही१ बद्दल मात्र पंखा बंद यांच्याशी थोडा मतभेद. कार्डात एव्ही१ नाही म्हणून लगेच नवं कार्ड घेऊ नका. व्हिडिओलॅनचा डेव्हिड नावाचा सॉफ्टवेअर डिकोडर इतका चपळ आहे की मध्यम प्रोसेसरही १०८० आरामात ओढतो. ४के असेल तर गोष्ट वेगळी.

कळफलक

बघा, म्हणजे सॉफ्टवेअर डिकोडिंग चालतं की! एव्ही१ मध्ये फिल्मचा कण (जुन्या फिल्मसारखा बारीक दाणेदारपणा) डिकोडरने मिसळायचा की रेंडररने, हा वाद अजून उरलाय. 'डिकोडरने चित्र बदलत नाही' हे वाक्य तिथे कसं टिकवता ते सांगा.